"फक्त क्लीनअप आहे" म्हणणारा पॅच: ड्रायव्हरचं रिफॅक्टरिंग रिव्ह्यू करताना काय बघायचं

रिफॅक्टरिंग म्हणजे कोडचं वागणं तेच ठेवून त्याची मांडणी सुधारायची, हे सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही माहीत असतं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वागणं तेच राहिलंय का हे बघायचं तर टेस्ट चालवायच्या, सगळ्या हिरव्या आल्या की विषय संपला. डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारा कोड, त्यात ही सोय जवळपास नसतेच, कारण तिथे अर्धं वागणं कोडमध्ये असतं आणि अर्धं त्या चिपमध्ये, आणि ती चिप रिव्ह्यू करणाऱ्याच्या टेबलावर असेलच असं नाही, बऱ्याचदा तर पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवणाऱ्याकडेही नसते. त्यामुळे पॅचच्या वर "वागण्यात काही बदल नाही" असं जे लिहिलेलं असतं ते खरं आहे की नाही हे मुख्यतः वाचूनच ठरवावं लागतं. ते कसं वाचायचं ते इथे सांगतोय. उदाहरण लिनक्सचं घेतलंय, कारण ते सगळं उघड्यावर आहे, कुणीही जाऊन बघू शकतं. सी भाषा थोडीफार येत असेल तर बरं, नसेल तरी अडणार नाही.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या ड्रायव्हरांचा आहे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २००१ मध्ये लिनक्सचा कोड आपोआप चुका शोधणाऱ्या प्रोग्रामने तपासला होता, तेव्हा ड्रायव्हरमध्ये काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. यात आश्चर्य काही नाही. स्केड्युलरचा (कुठला प्रोग्राम कधी चालवायचा ते ठरवणारा भाग) कोड जगातलं प्रत्येक लिनक्स मशीन सेकंदाला शेकडो वेळा चालवतं, एखाद्या जुन्या कॅप्चर कार्डाचा ड्रायव्हर चालवणारी माणसंच मुळात कमी, आणि ते कार्ड चालू असताना उपटलं तर चालणारा कोड तर कुणी वर्षानुवर्षं चालवलेलाच नसतो. गंमत अशी की रिफॅक्टरिंगचे पॅच नेमके याच भागात जास्त हात घालतात, कारण तोच भाग दिसायला सगळ्यात गचाळ असतो.

तर ड्रायव्हरमध्ये असतं काय? डिव्हाइस सापडलं की कर्नल ड्रायव्हरचं प्रोब नावाचं फंक्शन बोलावतो, डिव्हाइस जाताना रिमूव्ह बोलावतो. प्रोबमध्ये ठरलेल्या क्रमाने गोष्टी जमवायच्या असतात. आधी स्वतःच्या माहितीसाठी मेमरी घ्यायची, मग चिपचे रजिस्टर (तिला हुकूम द्यायच्या आणि तिची अवस्था वाचायच्या छोट्या जागा) कर्नलच्या पत्त्यांमध्ये मॅप करायचे, चिपला मिळणारं क्लॉक, म्हणजे ती ज्या ठोक्यांवर चालते ते, चालू करायचं (क्लॉक नाही तर ती चिप म्हणजे नुसता दगड), इंटरप्ट (चिपने सीपीयूला दिलेली हाक) आला की कुठलं फंक्शन (त्याला हँडलर म्हणतात) चालवायचं ते नोंदवायचं, आणि सगळ्यात शेवटी सबसिस्टिमला (त्या प्रकारच्या सगळ्या डिव्हाइसांचं बघणारा कर्नलचा भाग) कळवायचं की आम्ही तयार आहोत, कामं पाठवा. यातली कुठलीही पायरी फसू शकते. चौथी फसली तर तिसरी, दुसरी, पहिली अशी उलट्या क्रमाने सोडवत यायचं, म्हणून जुन्या ड्रायव्हरमध्ये प्रोबच्या तळाला लेबलांची शिडी असते आणि प्रत्येक पायरीवरून योग्य लेबलवर गोटू, म्हणजे थेट उडी, असतो. कॉलेजात गोटू वापरला की मार्क कापायचे, कर्नलमध्ये हीच रीतसर पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर नीट लिहिली असेल तर वाचायला एकदम सोपी पडते.

पण शिडी लांबली की माणसं चुकतात. मधे नवीन पायरी घुसवली आणि लेबल घालायचं राहिलं, किंवा गोटू एक लेबल खाली गेला, की मेमरी गळते नाहीतर क्लॉक कायमचं चालू राहतं. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये, २.६.२१ व्हर्जनला, तेजुन हिओ यांनी कर्नलमध्ये डेव्हरेस नावाची सोय आणली. ते तेव्हा हार्ड डिस्कांच्या लिबएटीए कोडवर काम करत होते आणि तिथले ड्रायव्हर अशा गळत्यांनी भरलेले होते. कल्पना साधी आहे: मेमरी मागताना, इंटरप्ट नोंदवताना नेहमीच्या फंक्शनऐवजी डेव्हएम नावाने सुरू होणारं फंक्शन वापरायचं, मग ती गोष्ट त्या डिव्हाइसच्या यादीत जाते, आणि प्रोब फसला किंवा रिमूव्ह संपला की कर्नल स्वतःच ती यादी शेवटाकडून सुरुवातीकडे सोडवत जातो. शिडी गेली, रिमूव्ह दोन ओळींचं झालं, कोड चकाचक.

म्हणून "जुन्या ड्रायव्हरला डेव्हएमवर नेतो" हा नव्या माणसाचा आवडता पहिला पॅच असतो. साठ ओळी उडाल्या, वीस आल्या, बघायला छान वाटतं, मनापासून "वा" म्हणावंसं वाटतं. इथेच थांबायचं आणि परत वाचायचं.

रिमूव्ह संपल्यानंतरचा तो क्षण

वरच्या परिच्छेदात एक छोटी गोष्ट होती, कर्नल यादी सोडवतो ती रिमूव्ह संपल्यावर. आधी नाही, मधे नाही, संपल्यावर. या एका गोष्टीवरून किती ड्रायव्हर बिघडलेत याला गणती नाही.

समजा जुन्या रिमूव्हमध्ये चार ओळी होत्या: सबसिस्टिममधून नाव काढ, इंटरप्ट सोड, शिल्लक राहिलेलं वर्क रद्द कर, क्लॉक बंद कर. (वर्क म्हणजे इंटरप्टमध्ये लगेच न करता मागून करायचं काम, हँडलर ते रांगेत टाकून मोकळा होतो.) पॅच पाठवणाऱ्याने इंटरप्टची नोंदणी डेव्हएमची केली आणि रिमूव्हमधली "इंटरप्ट सोड" ही ओळ काढली, कारण आता ते आपोआप होणार. डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक) एक लाल, म्हणजे काढलेली, ओळ दिसते, बाकी तीन ओळी जशाच्या तशा. डिफ बघून कुणीही म्हणेल बरोबर आहे.

आता क्रम लावून बघा. नाव काढलं, वर्क रद्द केलं, क्लॉक बंद केलं, रिमूव्ह संपलं, आणि मग कर्नलने इंटरप्ट सोडला. म्हणजे क्लॉक बंद झाल्यापासून इंटरप्ट सुटेपर्यंतच्या त्या थोड्या मायक्रोसेकंदात इंटरप्ट आला तर हँडलर चालणार, तो सवयीने चिपचा स्टेटस रजिस्टर वाचायला जाणार, आणि ती चिप तर बंद. बऱ्याच एआरएम चिपांवर क्लॉक नसलेल्या ब्लॉकचा रजिस्टर वाचला की बस (सीपीयू आणि चिपमधली वाट) सरळ अडकून बसते किंवा एक्स्टर्नल अबॉर्ट नावाची चूक येऊन कर्नल कोसळतो. दुसरं असं की वर्क आधीच रद्द झालंय, पण हँडलर ते परत रांगेत टाकू शकतो, मग ड्रायव्हरची मेमरीसुद्धा कर्नलने परत घेतली आणि नंतर ते वर्क चालायला आलं की ते परत घेतलेल्या मेमरीत लिहितं. यालाच यूज आफ्टर फ्री म्हणतात आणि यातून कधी क्रॅश होतो, कधी काहीच होत नाही, कधी तिसऱ्याच ड्रायव्हरचा डेटा खराब होतो आणि कुणीतरी आठवडाभर भलतीकडेच शोधत बसतो.

लग्नाचा मांडव सोडवतात तसं आहे हे. आधी बांबू, मग कापड, मग शेवटी लाइटच्या माळा आणि करंट असा चढवला असेल तर उतरवताना पहिल्यांदा करंट काढायचा. इथे माणसाने म्हटलं की करंट काढायचं काम मी केटररला सांगितलंय, तो करेल आपोआप, आणि स्वतः बांबू उपसायला लागला.

"पण आमच्या डिव्हाइसला रिमूव्हच्या वेळी इंटरप्ट येतच नाही, आम्ही आधी मास्क करतो" हे उत्तर हमखास येतं (मास्क करणं म्हणजे इंटरप्ट दाबून ठेवणं). इंटरप्टची लाइन शेअर केलेली असेल तर शेजारच्या डिव्हाइसच्या इंटरप्टलाही तुमचा हँडलर बोलावला जातो, "तुझा आहे का?" असं विचारायला, आणि ते ठरवायला त्याला रजिस्टर वाचावाच लागतो. कर्नलमध्ये डीबग शेअर्ड आयआरक्यू नावाचं कॉन्फिग (कर्नल बनवतानाचा पर्याय) आहे, ते चालू केलं तर शेअर केलेला हँडलर काढायच्या ऐन वेळी कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो, नेमकं हेच पकडायला. पॅच पाठवणाऱ्याला ते चालू करून एकदा ड्रायव्हर काढायला सांगायचं, वाद तिथेच मिटतो.

मग पॅच परत पाठवायचा का? नाही, नीट करायला सांगायचं. नियम असा की प्रोबमध्ये वरून खाली येताना जोपर्यंत प्रत्येक पायरी डेव्हएमची आहे तोपर्यंत पुढची पायरी डेव्हएमची करायची, एकदा का हाताने सोडवायची पायरी आली की तिच्याखालचं सगळं हातानेच. मधे मधे पेरायचं नाही. सेन्सरांच्या आयआयओ सबसिस्टिममध्ये रिव्ह्यूत हा मुद्दा इतक्यांदा येतो की तिथल्या लोकांना तो आता पाठ असावा. वरच्या उदाहरणात क्लॉकसाठी २०२२ साली आलेलं "घे आणि चालू कर" असं एकत्र डेव्हएम फंक्शन वापरायचं, मग वर्कसाठी आपोआप रद्द होणारं डेव्हएम फंक्शन, आणि त्याच्याखाली इंटरप्ट. सोडवताना आपोआप उलटा क्रम येतो: आधी इंटरप्ट, मग वर्क, मग क्लॉक. ज्या गोष्टीला तयार डेव्हएम फंक्शन नाही तिच्यासाठी स्वतःचं साफसफाईचं फंक्शन त्या यादीत घालता येतं. तिथे "ऑर रिसेट" वालं रूप वापरलंय का ते बघायचं. ते असं करतं की यादीत घालणंच फसलं तर साफसफाई तिथल्या तिथे करून टाकतं. नुसतं साधं रूप वापरलं आणि ते फसलं तर परत गळती.

आणि हाच चष्मा लावून प्रोबची सुरुवातही बघून घ्यायची. रिफॅक्टरिंगमध्ये ओळी वरखाली होतात, "सगळी नोंदणी एका ठिकाणी आणली" म्हणून इंटरप्टची नोंदणी वर सरकते आणि लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) तयार करायची ओळ तिच्याखाली राहते. नोंदणी केल्याकेल्या इंटरप्ट येऊ शकतो. ताजं बूट झालेलं मशीन असेल तर सहसा येत नाही, पण बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) ती चिप आधीच वापरलेली असेल, किंवा मशीन कोसळल्यावर केडंपचा दुसरा कर्नल चालू झाला असेल, जो डिव्हाइस रिसेट न करता तसाच उठतो, तर चिप आधीपासूनच इंटरप्ट धरून बसलेली असते. मग हँडलर तयार न झालेला लॉक घ्यायला जातो.

मेमरीबद्दल वेगळी भानगड आहे, थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर युजरला डिव्हाइस फाइल देत असेल, म्हणजे कॅमेरा वगैरे, तर युजरच्या प्रोग्रामने ती फाइल उघडी ठेवलेली असताना यूएसबी उपटली तर रिमूव्ह होतं, डेव्हएमची मेमरी जाते, आणि नंतर प्रोग्रामने फाइल बंद केली की ड्रायव्हर त्या गेलेल्या मेमरीत डोकावतो. डिव्हाइसचं आयुष्य आणि उघड्या फाइलचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डेव्हएमला फक्त पहिलं कळतं. तिथे रेफरन्स मोजणारी, म्हणजे शेवटचा वापरणारा गेल्यावरच मेमरी सोडणारी, पद्धतच पाहिजे. मीडिया ड्रायव्हरांवर काम करणारे लॉरेंट पिंचार्ट गेली कित्येक वर्षं याबद्दल कळवळून सांगतायत, २०२२ मध्ये डब्लिनला लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी यावरच भाषण दिलं होतं. तर फाइल देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये मेमरी डेव्हएमची करणारा पॅच आला की पहिला प्रश्न हाच: फाइल उघडी ठेवून केबल उपटून बघितलीस का?

निरुपयोगी दिसणाऱ्या ओळी

दुसऱ्या प्रकारचं रिफॅक्टरिंग म्हणजे "तीच तीच ओळ दहा ठिकाणी होती, एक हेल्पर फंक्शन केलं". याचा मोह मलाही होतो. रजिस्टर वाचायचा, एक बिट बदलायचा, परत लिहायचा, हे तीन ओळींचं गाणं ड्रायव्हरभर असतं, त्याचं "बिट बदल" असं एक फंक्शन केलं की शंभर ओळी वाचतात. साध्या कंट्रोल रजिस्टरला हे ठीक आहे. पण सगळे रजिस्टर मेमरीसारखे वागत नाहीत आणि इथे डेटाशीट उघडल्याशिवाय रिव्ह्यू होऊच शकत नाही.

इंटरप्ट स्टेटसचा रजिस्टर घ्या. बहुतेक चिपांमध्ये त्यातला बिट साफ करायला त्या जागी १ लिहायचा असतो, शून्य नाही. जुन्या कोडमध्ये सरळ लिहिलेलं असतं, "बिट ३ लिही". आता हे नवीन हेल्परमधून गेलं की आधी वाचणार, समजा बिट ३ आणि बिट ५ दोन्ही चढलेले मिळाले, बिट ३ लावणार (तो लागलेलाच आहे), आणि दोन्ही बिट परत लिहिणार. झालं, बिट ५ पण साफ. बिट ५ म्हणजे समजा "डेटा येऊन पडलाय", तो इंटरप्ट कुणी हाताळलाच नाही, ट्रान्सफर अडकला. रोज होत नाही, दोन इंटरप्ट एकाच वेळी आले तरच. म्हणजे डेमोत कधीच नाही, ग्राहकाकडे महिन्यातून एकदा.

याच्या उलटीकडची गंमत रेगमॅपमध्ये आहे. रेगमॅप म्हणजे आयटूसी, एसपीआय या छोट्या चिपा जोडायच्या बसवरच्या रजिस्टरांसाठी कर्नलची तयार लायब्ररी, चांगली आहे, वापरावीच. तिच्यातलं अपडेट बिट्स फंक्शन आधीची किंमत बघतं आणि नवीन किंमत तीच असेल तर लिहीतच नाही, बसवरचा वेळ वाचवायला. आता काही रजिस्टर असे असतात की १ लिहिला की मोजणी सुरू होते. तो बिट चिपने आपणहून खाली घेतला नसेल, किंवा रेगमॅपच्या कॅशमध्ये (तिने लक्षात ठेवलेल्या किमतींमध्ये) तो अजून १ दिसत असेल, तर दुसऱ्यांदा "सुरू कर" म्हटलं की लायब्ररी म्हणते आहे की आधीच, आणि गप्प बसते. चिपकडे काही जातच नाही. यासाठी जबरदस्तीने लिहिणारं राइट बिट्स फंक्शन वेगळं आहे, आणि कुठले रजिस्टर कॅश करायचे नाहीत याची यादी ड्रायव्हरने द्यायची असते. रेगमॅपवर नेणाऱ्या पॅचमध्ये मी आधी ती यादी शोधतो. ती नसेल आणि कॅश चालू असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आणि मग त्या ओळी, ज्या दिसायला शंभर टक्के फालतू असतात. रजिस्टर वाचला आणि मिळालेली किंमत कुठेच वापरली नाही. कंपायलरसुद्धा काही बोलत नाही, पण साफसफाई करणाऱ्याला राहवत नाही, तो काढून टाकतो. पीसीआय बसवर चिपला लिहिलेलं लगेच पोचेलच असं नसतं, वाटेतले ब्रिज ते धरून ठेवू शकतात, सीपीयू मात्र लिहिलं असं समजून पुढे जातो. त्याच चिपमधून काहीतरी वाचलं की आधीचं सगळं लिहिणं पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. म्हणून इंटरप्ट मास्क केल्यावर लगेच एक वाचन टाकतात, मास्क खरंच पोचला याची खात्री करायला. ती ओळ काढली तर कोड चालतो, फक्त कधीतरी मास्क केल्यानंतरही एक चुकार इंटरप्ट येतो. असंच दोन वेळा लिहिलेल्या रिसेटचं, मधल्या दहा मायक्रोसेकंदांच्या थांब्याचं. मूळ लेखकाने कॉमेंट लिहायला हवी होती हे खरंच, पण त्याने लिहिली नाही म्हणून ओळ फालतू ठरत नाही. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ब्लेमने ती ओळ कुठल्या कमिटमध्ये (नोंदलेल्या बदलात) आली ते काढायचं, तो संदेश वाचायचा, पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं की अमुक बोर्डावर हँग होत होतं. मग पॅचवाल्याला सांगायचं, ओळ राहू दे, वर कॉमेंट घाल. हे खरं उपयोगी क्लीनअप.

पॉवर मॅनेजमेंटचं एक उदाहरण देतो, कारण ते अगदी एका ओळीच्या पॅचमध्ये फसवतं. डिव्हाइस जागं करायला पीएम रनटाइम गेट सिंक नावाचं फंक्शन आहे. त्याची खोड अशी की ते फसलं तरी वापराचा काउंटर एकने वाढवून ठेवतं, म्हणून चुकीच्या वाटेवरही काउंटर परत कमी करावा लागतो. शेकडो ड्रायव्हर ते विसरले होते. म्हणून २०२० मध्ये रिझ्यूम अँड गेट नावाचं शहाणं भावंड आलं, फसलं तर ते स्वतःच काउंटर खाली आणतं. मग एकाच्या जागी दुसरं टाकायचे पॅच ढिगाने आले. आता ज्या ड्रायव्हरने आधीपासून नीट काउंटर कमी केलेला होता तिथे नुसतं नाव बदललं आणि ती कमी करायची ओळ तशीच ठेवली की काउंटर दोनदा कमी. शिवाय जुनं फंक्शन डिव्हाइस आधीच जागं असेल तर १ परत देतं, नवीन मात्र यश म्हणजे ०. कुठे तो १ बघून "आधीच जागं होतं, परत सेटिंग नको" असं ठरवलेलं असेल तर ती अट आता कधीच खरी होणार नाही. तेव्हा बदललेली ओळ बघून भागत नाही, त्या किमतीचा पुढे काय वापर होतो तिथपर्यंत जायचं.

डिफ कसा वाचायचा

डिफ तुम्हाला बदललेल्या ओळी आणि त्यांच्या आजूबाजूच्या तीनतीन ओळी दाखवतो. ड्रायव्हरच्या रिव्ह्यूला तेवढं पुरत नाही. मी पॅच लावून पूर्ण फाइल उघडतो, डाव्या बाजूला प्रोब, उजव्या बाजूला रिमूव्ह, आणि कागदावर प्रोबच्या पायऱ्या वरून खाली लिहितो, शेजारी प्रत्येकीची सोडवणूक कोण आणि कधी करतं ते. जुन्या कोडची एक यादी, नव्याची एक. दोन याद्यांत क्रम वेगळा दिसला की तिथे प्रश्न विचारायचा. मग सस्पेंड, रिझ्यूम आणि शटडाउन, कारण हेल्पर फंक्शन तिथूनही बोलावलं जातं. मग हेल्परला कोण कोण बोलावतं ते ग्रेप करून, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधून, बघायचं, त्यातला एखादा इंटरप्ट हँडलर असेल आणि हेल्परमध्ये आता म्युटेक्स (एक प्रकारचा लॉक) किंवा झोपू शकणारी मेमरी मागणी आली असेल तर संपलंच, कारण इंटरप्ट हँडलरला झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, मुभा नसते.

नुसती नावं बदलणं किंवा फंक्शन वरखाली हलवणं असेल तर डोळे शिणवायची गरज नाही. गिटला हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायला सांगता येतं, खरंच जे बदललं ते लगेच उठून दिसतं. त्याहून पक्कं म्हणजे पॅचच्या आधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइल बनवून दोन्हींचं डिसअसेंब्ली, म्हणजे त्यातल्या मशीनच्या सूचना, ताडून बघायचं, शुद्ध नावबदल असेल तर सूचना तंतोतंत सारख्या निघाल्या पाहिजेत. शेकडो फाइलींना एकच बदल असेल तर तो हाताने केलाय की कॉक्सिनेलने ते विचारायचं. कॉक्सिनेल म्हणजे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत ज्यूलिया लॉल यांच्या गटाने बनवलेलं टूल, त्यात बदलाचा नियम लिहायचा आणि ते सगळ्या कोडमध्ये तो लावतं. तो नियमच कमिटमध्ये दिला असेल तर रिव्ह्यू नियमाचा करायचा, हजार ओळींचा नाही.

पॅचचे तुकडे कसे पाडलेत हेही तितकंच बघावं. एका पॅचमध्ये एकच गोष्ट हा कर्नलचा जुना दंडक आहे आणि रिफॅक्टरिंगमध्येच तो सगळ्यात जास्त मोडला जातो. "साफ करता करता एक बग दिसला, तोही काढला" असं वाक्य आलं की तो बग वेगळा काढून मालिकेत पहिला आणायला सांगायचा, जुन्या कोडवरच, कारण तो बगफिक्स जुन्या स्टेबल कर्नलांमध्येही न्यायचा असतो आणि तिथे तुमचं नवीन रिफॅक्टरिंग नाही. आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल बनला पाहिजे आणि चालला पाहिजे, नाहीतर उद्या कुणी गिट बायसेक्ट करत (बग कुठल्या पॅचने आला ते निम्मे निम्मे करत शोधत) तुमच्या अर्ध्यावर येऊन पडला की त्याच्या शिव्या तुम्हालाच.

हार्डवेअर असेल तर काय करायला सांगायचं? ड्रायव्हर सिसएफएसमधून (कर्नलमधल्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणारी सोय) बाइंड आणि अनबाइंड, म्हणजे डिव्हाइसला जोड-सोड, करत ठेवायचा, लूपमध्ये, त्याच वेळी डिव्हाइसवर कामही चालू ठेवून. कर्नल केसॅन, लॉकडेप आणि केमेमलीक (मेमरीच्या, लॉकच्या आणि गळतीच्या चुका पकडणाऱ्या सोयी) चालू करून बनवलेला पाहिजे, नाहीतर चूक होऊनही दिसणार नाही. एक कॉन्फिग असं आहे की प्रत्येक ड्रायव्हरचं प्रोब झालं की लगेच रिमूव्ह करून परत प्रोब करतं. मेमरी मिळालीच नाही असं नाटक करणारी फॉल्ट इंजेक्शनची सोयही आहे, तिने प्रोबच्या सगळ्या फसण्याच्या वाटा चालवून घेता येतात. हे सगळं केलं असं पॅचमध्ये लिहिलेलं असेल तर माझं अर्धं काम हलकं होतं, आणि असं लिहिणारा माणूस परत पॅच घेऊन आला की मी तो आधी वाचतो, हेही कबूल करतो.

आणि हार्डवेअर कुणाकडेच नसेल तर? "फक्त कंपाइल करून बघितलंय" असं प्रामाणिकपणे लिहिलेले पॅच येतात, त्यात वाईट काही नाही. टाइप बदललाय, जुनं मॅक्रो जाऊन नवीन आलंय, असं असेल तर घ्यायला हरकत नाही. पण दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ड्रायव्हरचा सोडवायचा क्रम बदलणारा पॅच, आणि तो चालवून बघणारा कुणीच नाही, तर मी नाही म्हणतो. कर्नलच्या नेटवर्किंगवाल्यांनी तर हे लिहूनच ठेवलंय, दुसऱ्या कुठल्या कामाचा भाग नसलेले सुटे क्लीनअप पॅच आम्हाला नकोत, आणि डेव्हएमसकट सगळ्याच आपोआप साफसफाईच्या सोयींबद्दल आम्ही साशंक आहोत. २०२३ मध्ये आलेलं गार्ड नावाचं मॅक्रो, जे फंक्शन संपलं की लॉक आपोआप सोडतं, तेही वीस ओळींपेक्षा लांब फंक्शनमध्ये वापरू नका असं त्यांचं म्हणणं. काही जणांना हा हट्टीपणा वाटतो. मला डेव्हएम आवडतं, नव्या ड्रायव्हरमध्ये मी तेच सांगतो, पण चालत्या जुन्या ड्रायव्हरच्या बाबतीत मी नेटवर्किंगवाल्यांच्या बाजूचा आहे.

नाही म्हणतानाही कारण लिहून द्यायचं, म्हणजे त्या माणसाला दुसरं काम करता येतं. वरच्या त्या क्लॉक आणि इंटरप्टवाल्या पॅचला (समजा त्यात जुन्या शिडीतली एक गळतीही बुजवली आहे; फिक्सेस टॅग म्हणजे मूळ चूक कुठल्या कमिटमध्ये होती ते सांगणारी ओळ) साधारण असं उत्तर जाईल: "रिमूव्हमध्ये क्लॉक बंद होतं तेव्हा इंटरप्ट अजून सुटलेला नाही, हँडलर त्यानंतर चालला तर स्टेटस रजिस्टर वाचेल. क्लॉक आणि वर्क दोन्ही डेव्हएमवर आणा आणि प्रोबमध्ये इंटरप्टच्या वर ठेवा, किंवा इंटरप्ट आहे तसा राहू द्या. तिसऱ्या लेबलवरची गळती खरी आहे, ती वेगळ्या पॅचमध्ये आधी पाठवा, फिक्सेस टॅगसकट, ती लगेच घेता येईल. कुठल्या बोर्डावर चालवून बघितलं तेही लिहा."